सर्दीचा काढा, पाळी आणि ‘गरम पडणं’



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी माझी नात सैन्यातून सुट्टीवर घरी आली. नाक वाहत होतं, घसा बसला होता आणि त्यातच पाळी सुरू झालेली. मी सवयीप्रमाणे गॅसवर काढा ठेवला: आलं, गवती चहा, चार मिरी, दोन लवंगा. माझी थोरली बहीण म्हणाली, “अगं, या दिवसांत आलं-मिरी नको देऊस. गरम पडेल, अंगावरून जास्त जाईल.” रेवदंड्याला आमची आईसुद्धा हेच म्हणायची.

नात हसली आणि तिनं बॅगेतून एक डबी काढली. आलं, हळद आणि लसूण यांच्या अर्काच्या कॅप्सूल. दिवसाला चार घेत होती. शिवाय अंगदुखीसाठी दोन दिवस ॲस्पिरिन. रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला हळूच सांगितलं, “आजी, तीन तास झाले, दर तासाला पॅड बदलावं लागतंय.” बहीण म्हणाली, “बघ, गरम पडलं!”

मी ३० वर्षं नर्सचं काम केलं आहे. शाबात होता, तरी आम्ही तिला तातडीच्या दवाखान्यात नेलं. जिवाचा प्रश्न असला की शाबात आड येत नाही. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कोणकोणत्या गोळ्या घेतेस?” रक्त तपासलं, ॲस्पिरिन आणि कॅप्सूल बंद केल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. ती बरी झाली. पण त्या रात्रीपासून ‘गरम पडलं’ या शब्दांचा मी पुष्कळ विचार केला. त्यातून जे सांगावंसं वाटतं ते असं.

पहिली गोष्ट, काढा. घरच्या कपभर काढ्यात आल्याचा एक तुकडा असतो. तेवढ्यानं पाळीत रक्त जास्त जात नाही. उलट आल्यानं पोटदुखी थोडी कमी होते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. काढा सर्दी बरी करत नाही. ती विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जाते. पण गरम पेयानं घशाला आराम पडतो, तेही कमी नाही.

दुसरी गोष्ट, कॅप्सूल. कॅप्सूल म्हणजे वाळवून, अर्क काढून दाटवलेलं औषध. एका कॅप्सूलमध्ये किती माल आहे, ते चवीवरून कळत नाही. लसूण, आलं, हळद आणि गिंको यांच्या मोठ्या मात्रेनं रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. ॲस्पिरिन तर ते काम नक्कीच करते, आणि तिचा परिणाम आठवडाभर राहतो. म्हणून सर्दी-तापात तरुण मुलांना आपल्या मनानं ॲस्पिरिन देऊ नका. अकामोल चालते, मात्र सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुतेक वेळा तेच औषध असतं, तेव्हा दोन्ही एकदम नकोत.

तिसरी गोष्ट आपल्या वयाच्या लोकांसाठी. आपल्यापैकी कितीतरी जण कुमादिन, एलिक्विस किंवा रोजची छोटी ॲस्पिरिन घेतात. वर सांगितलेल्या कॅप्सूल त्यांच्या जोडीला घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती याच्या उलट करते, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करते. आणि काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेत राहिलं तर रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. ज्यांना रक्तदाब आहे, त्यांनी ते टाळलेलंच बरं. ऑपरेशन ठरलं असेल तर घेत असलेली प्रत्येक वनस्पती डॉक्टरांना आधी सांगा.

शेवटची गोष्ट माझ्या बहिणींसाठी, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी “सुंठ गरम पडली असेल” म्हणून घरी बसू नका. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण कधी कधी तो गर्भाशयाच्या कर्करोगाचा पहिला इशारा असतो, आणि लवकर कळला तर तो बरा होऊ शकतो. लाजू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

आता एवढंच करा. घरातल्या सगळ्या डब्या, काढ्याच्या पुड्यासुद्धा, एका पिशवीत भरा आणि पुढच्या वेळी कुपत होलीमला जाताना बरोबर न्या. हिब्रू नीट बोलता येत नसलं तरी हरकत नाही, पिशवी समोर ठेवा. तेवढ्यानं काम होतं.

माझी बहीण अजून म्हणते, “गरम पडतं.” पण परवा तिनं आपली पिशवी स्वतःच भरली.