बर्फातली स्कूटर आणि चिखलातला टिलर

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावाने ओळखले जाते, इतके तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आले आहेत. 1984 पासून आपले सैन्य सियाचिनच्या हिमनदीवर पहारा देत आहे. तेथे काम केलेला एखादा जवान भेटला तर त्याला स्नो-स्कूटरबद्दल अवश्य विचारा. ज्या भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो, त्याच बर्फावरून माणसाच्या कितीतरी पट जड असलेले हे वाहन पुढे जाते. हे कसे?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. समजा स्कूटर 250 किलो आणि स्वार 80 किलो, म्हणजे एकूण भार 330 किलो. खोल बर्फासाठी बनवलेल्या स्कूटरला मागे सुमारे 40 सेंटिमीटर रुंदीचा रबरी पट्टा असतो. त्याची सुमारे 150 सेंटिमीटर लांबी बर्फावर टेकते असे धरू. क्षेत्रफळ झाले 6000 चौरस सेंटिमीटर. पुढच्या दोन स्की सोडून दिल्या तरी दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला 0.055 किलो. (येथे बल किलोग्रॅम-भारात मोजले आहे.) आता 60 किलो वजनाचा माणूस चालताना एका पावलावर, म्हणजे अंदाजे 180 चौरस सेंटिमीटरवर, उभा असतो. त्याचा दाब 0.33 किलो, म्हणजे स्कूटरच्या सहापट!

सातारा-सांगलीत बर्फ नाही, पण चिखल आहे. पाटण, जावळी, शिराळा या भागांत आषाढात भाताच्या खाचरांची चिखलणी चालते. तीन वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातील आमच्या एका पाहुण्यांना त्यासाठी जुने यंत्र घ्यायचे होते. समोर दोन यंत्रे होती. एक 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि एक 13 अश्वशक्तीचा पॉवर टिलर. किमतीत फार फरक नव्हता. पाहुण्यांनी हिशेब केला अश्वशक्तीचा, आणि ट्रॅक्टर घेतला. पहिल्याच पावसाळ्यात तो तिसऱ्या खाचरात रुतला. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून ओढताना बांधही फुटला. लावणी बारा दिवस लांबली.

चूक कोठे झाली? हवेच्या टायरचा जमिनीवरील दाब साधारणपणे टायरमधील हवेच्या दाबाइतकाच असतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये तो दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास असतो, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या तिप्पट. जेथे आपला पाय घोट्यापर्यंत जातो तेथे हे चाक किती जाईल याची कल्पना करा. हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो व दाब उतरतो. पण फार कमी केली तर टायर खराब होतो.

येथे बर्फ आणि खाचर यांत एक मोठा फरक आहे. खोल बर्फाला हाती लागेल असा तळ नसतो, म्हणून स्कूटरला वर तरंगतच जावे लागते. खाचरात मात्र वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. टिलरची लोखंडी जाळीदार चाके (‘केज व्हील’ म्हणतात ती) चिखल कापत त्या थराच्या आधाराने चालतात. त्यांच्या आडव्या पट्ट्या चिखल मागे ढकलतात आणि यंत्र पुढे जाते. स्कूटरच्या पट्ट्यावरील सहा-सात सेंटिमीटर उंचीच्या रबरी फळ्या बर्फात हेच काम करतात. न्यूटनचा तिसरा नियम दोन्हीकडे सारखाच. टिलरचे वजन चारशे किलोच्या आसपास असल्याने तो थर सहसा टिकतो. जड ट्रॅक्टर एखाद्या उपळाच्या जागी तो फोडतो, आणि मग खाचरात पाणीही नीट ठरत नाही. म्हणून यंत्र बघायला जाण्याआधी खाचरात काठी खुपसून पाहावी. ती वीतभर जाऊन अडली तर ठीक. हातभर गेली तर तेथे बैलांचेच काम!

(कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. तेथील चिकणमाती पाणी पिऊन फुगते, म्हणून शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो. वाफशावर ट्रॅक्टरच हवा.)

आता जुना टिलर पाहावा कसा? रंगाकडे पाहू नका, तो कालच लावलेला असू शकतो. प्रथम इंजिनाला हात लावा. ते आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण झिजलेल्या इंजिनाची खरी परीक्षा थंड असताना सुरू करण्यात असते. चालू झाल्यावर निळसर धूर सतत येत राहिला तर तेल जळते आहे. मग गिअरपेटीतील थोडे तेल काढून पाहा. ते ताकासारखे पांढरट दिसले तर चाकाच्या आसाजवळील ऑइल सीलमधून पाणी आत गेले आहे. चिखलात राबलेल्या यंत्राचा हा नेहमीचा रोग. पाणी व तेल घुसळले जाऊन त्याचे पायस बनते, आणि अशा तेलात दाते लवकर झिजतात. रोटरची पाती आणि पट्टे बदलता येतात. त्यांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

शेवटची परीक्षा तुम्हीही करू शकता. चाकावर खडूने खूण करा. टिलर सडकेवर चालवून चाकाचे दहा फेरे मोजा व अंतर मोजा. मग तीच चाके, तोच गिअर ठेवून ओल्या खाचरात दहा फेरे मोजा. पाहुण्यांनी गेल्या वर्षी ट्रॅक्टर तोट्यात विकून जुना टिलर पाहिला, तेव्हा त्यांच्या नववीतल्या मुलीने ही मोजणी केली. सडकेवर 20 मीटर, खाचरात 15. म्हणजे घसरण 25 टक्के. दुसऱ्या टिलरच्या चाकांच्या पट्ट्या झिजून गोल झाल्या होत्या. तो त्याच खाचरात 11 मीटरच गेला. त्याची घसरण किती, ते तुम्हीच काढा. त्यांनी पहिला घेतला. तिसऱ्या खाचराचा बांध मात्र अजून बांधायचा राहिला आहे.