अफेक्ट की इफेक्ट? आधी मराठीला विचारा

प्रश्न : मी मराठी माध्यमात शिकलो आणि आता एका कंपनीच्या ऑफिसात काम करतो. रोज इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात. बॉरो की लेंड, सिन्स की फॉर, अफेक्ट की इफेक्ट, अशा ठिकाणी हात अडखळतो. मोबाइलवर फिरणाऱ्या 'गोंधळात टाकणाऱ्या शब्दां'च्या याद्या पाठ केल्या, पण आठवडाभरात सगळं साफ. 'इंग्रजीत विचार कर' असं जो तो सांगतो. तो करायचा कसा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : 'इंग्रजीत विचार कर' असं सांगणारे लोक स्वतः मोड मोजताना मराठीतच मोजतात. तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या अडचणीवरचं निम्मं औषध मराठीतच आहे.

याद्या डोक्यात राहत नाहीत, कारण त्यांत सगळ्या जोड्या एका दावणीला बांधलेल्या असतात. प्रत्यक्षात त्यांची जात वेगळी असते. काही जोड्यांचा निवाडा मराठी झटक्यात करते. काहींत मराठीच आपल्याला खड्ड्यात घालते. उरलेल्यांत कानाचा किंवा नुसत्या स्पेलिंगचा दोष असतो. आपली चूक कोणत्या जातीची, हे कळलं की पाठांतर पुष्कळ कमी होतं.

ऑनलाइन मीटिंगमध्ये रेंज गेली की एक वाक्य हमखास येतं : 'सर, आय ॲम नॉट लिसनिंग यू.' बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, तुमचा आवाज येत नाहीये. ऐकणाऱ्याला अर्थ लागतो, मी तुमच्याकडे लक्ष देत नाहीये! साहेबाला असं सांगणं फारसं हिताचं नाही. खरं तर हा फरक आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर आलेला आहे. 'ऐकू येणं' वेगळं आणि 'ऐकणं' वेगळं. कानावर आपोआप पडतं ते हिअर, कान देऊन ऐकतो ते लिसन, आणि लिसनच्या पुढे 'टू' हवाच. म्हणजे रेंज गेल्यावर म्हणायचं, 'आय कान्ट हिअर यू.' 'दिसणं' आणि 'बघणं' यांचंही तसंच. दिसतं ते सी, मुद्दाम नजर टाकतो ते लुक ॲट, आणि क्रिकेटची मॅच लावून तास न् तास बसतो ते वॉच. सिनेमाला मात्र सी आणि वॉच दोन्ही चालतात.

रॉब आणि स्टील यांत लोक उगीच अडकतात. आपण बँक लुटतो, पैसे चोरतो. (आपण म्हणजे मराठी वाक्यातले आपण.) जे लुटलं जातं त्याला रॉब, जे चोरलं जातं त्याला स्टील. ब्रिंग आणि टेक म्हणजे सरळसरळ आणणं आणि नेणं. रिमेंबर म्हणजे आठवणं, रिमाइंड म्हणजे आठवण करून देणं. इथं नियम पाठ करण्यासारखं काही नाही.

से आणि टेल या जोडीत मराठी बरीच वाट दाखवते, पण शेवटच्या वळणावर फसवते. म्हणणं म्हणजे से, सांगणं म्हणजे टेल, इथवर ठीक. पण मराठीत 'तो मला म्हणाला' हे बिनचूक वाक्य आहे आणि त्याचीच नक्कल होऊन 'ही सेड मी' तयार होतं. इंग्रजीत टेलला माणूस थेट जोडतात, ही टोल्ड मी. सेला माणूस जोडायचा तर मध्ये 'टू' लागतो, ही सेड टू मी.

आता जिथं मराठीच घोळ घालते त्या जोड्या. पहिली बॉरो आणि लेंड. 'उसनं' हा आपला एकच शब्द दोन्हीकडे चालतो. शेजारणीकडून साखर उसनी घेतली काय आणि शेजारणीला दिली काय, साखर उसनीच. पेनही तसंच. म्हणून 'कॅन यू बॉरो मी युवर पेन?' असं विचारलं जातं. इंग्रजीत 'उसनं' या विशेषणाचा नाद सोडा आणि पुढच्या क्रियापदाकडे बघा. घेणं असेल तर बॉरो, देणं असेल तर लेंड. पेन मागताना 'कॅन आय बॉरो युवर पेन?' किंवा 'कॅन यू लेंड मी युवर पेन?' दोन्ही बरोबर. पेन परत करायचं की नाही, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

दुसरी जोडी सिन्स आणि फॉर. नोकरीच्या अर्जात सगळ्यात जास्त खटकणारी चूक कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगेन : 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' दोष आपल्या 'पासून'चा आहे. २०१९पासून, सोमवारपासून, लहानपणापासून आणि पाच वर्षांपासून, सगळीकडे आपण तोच शब्द जोडतो. इंग्रजी मात्र दोन वेगळ्या गोष्टी पाहते. काळाची सुरुवात सांगितली तर सिन्स, काळाची लांबी सांगितली तर फॉर.

हे ओळखायला एक युक्ती आहे. मराठी वाक्यातला 'पासून' काढून टाका आणि वाक्य उभं राहतं का ते बघा. 'मी पाच वर्षं इथं काम करतोय' हे वाक्य उभं राहतं, म्हणून फॉर फाइव्ह इयर्स. 'मी २०१९ इथं काम करतोय' हे कोसळतं, म्हणून सिन्स २०१९. 'मी दोन दिवस आजारी आहे' चालतं, तिथं फॉर. 'मी सोमवार आजारी आहे' असं कुणी म्हणत नाही, तिथं सिन्स. 'लहानपणापासून'वर, 'कालपासून'वर, 'बऱ्याच दिवसांपासून'वर करून पाहा. आणि क्रियापदाचं रूपही बदलायला विसरू नका. आय ॲम वर्किंग नव्हे, आय हॅव बीन वर्किंग.

फ्यूअर आणि लेस या जोडीत आपल्याला एकच 'कमी' माहीत. मोजता येतं तिथं फ्यूअर आणि मापता येतं तिथं लेस, म्हणजे माणसं फ्यूअर, पाणी लेस, असं शाळेत सांगतात. ते पाळावं, पण त्यासाठी कुणाला सुळावर देऊ नये. रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकानं १७७० साली आपली आवड म्हणून हे सुचवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी त्या आवडीचा नियम केला. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानांत झटपट बिलाच्या रांगेवर दहा वस्तू 'ऑर लेस' अशी पाटी असे. त्यावर इतकी कुरकुर झाली की २००८ साली त्यांनी पाटीच बदलून 'अप टू टेन आयटम्स' अशी केली आणि भांडणातून अंग काढून घेतलं. शिवाय पैसे, अंतर आणि वेळ आकड्यांत सांगितले तरी तिथं लेसच येतं : लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स, लेस दॅन अ थाउजंड रुपीज. तिथं फ्यूअर लिहिणारा जरा जास्तच शिकलेला वाटतो.

आता अफेक्ट आणि इफेक्ट. इथंही मूळ आपल्या वाक्यरचनेत आहे. 'पावसाचा पिकांवर परिणाम झाला' या वाक्यात 'परिणाम' हे नाम आणि 'झाला' हे क्रियापद. अफेक्टसाठी आपल्याकडे रोजच्या वापरातलं सुटसुटीत एकेरी क्रियापद नाही. त्यामुळे परिणाम म्हणजे अफेक्ट की इफेक्ट, हा गुंता सुटत नाही. तो असा सोडवा : नुसता 'परिणाम' म्हणजे इफेक्ट. 'परिणाम होणं' किंवा 'परिणाम करणं' हे अख्खं मिळून अफेक्ट. आणि त्या अफेक्टच्या पोटात आपला '-वर'सुद्धा आलेला असतो, म्हणून पुढे 'ऑन' लावायचा नाही. द रेन अफेक्टेड द क्रॉप्स. इफेक्टला मात्र 'ऑन' लागतो : द रेन हॅड ॲन इफेक्ट ऑन द क्रॉप्स.

एवढं करूनही अडलात, तर ऑफिस ऑर्डर आठवा. बढती, बदली, पगारवाढ, सगळ्यांत तारखेच्या आधी डब्ल्यू-ई-एफ ही तीन अक्षरं असतात. विथ इफेक्ट फ्रॉम. मधली 'ई' ही इफेक्टची, आणि इफेक्ट हे नाम. पगारवाढीची तारीख जो विसरत नाही, त्याला हेही विसरता येणार नाही. इफेक्ट क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, 'घडवून आणणं' या अर्थानं. पण ईमेलमध्ये त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

कानानं होणाऱ्या घोटाळ्यांत पहिला मान लूजचा. 'लूज मोशन' हा शब्द महाराष्ट्रात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना येतो, पण तो उच्चारच चुकीचा आहे. सैल या अर्थाच्या शब्दात दोन 'ओ' आणि शेवटी चक्क 'स', म्हणजे लूस. गमावणं या अर्थाच्या शब्दात एकच 'ओ' आणि शेवटी 'जग'मधल्या 'ज'च्या जवळचा उच्चार. वजन कमी करायचं ते एका 'ओ'नं, आणि ते कमी झाल्यावर पँट होते ती दोन 'ओ'ची.

हाच 'स' आणि 'ज' ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइज या जोडीत कामाला येतो. सल्ला, म्हणजे नाम, ते 'स' उच्चाराचं आणि स्पेलिंगात 'सी'चं. सल्ला देणं, म्हणजे क्रियापद, ते 'ज' उच्चाराचं आणि 'एस'चं. हे पक्कं झालं की प्रॅक्टिस आणि लायसन्स हे दोन शब्दही सुटतात. त्यांच्या उच्चारात फरक नाही, पण ब्रिटिश स्पेलिंगात नियम तोच, नाम 'सी'नं आणि क्रियापद 'एस'नं. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स हे 'सी'नंच लिहिलं आहे. अमेरिकेत मात्र लायसन्स दोन्हीकडे 'एस'नं आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे 'सी'नं. त्यामुळे तुम्ही बरोबर लिहूनही कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो. तुमची चूक नसते, त्याची भाषा अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेली असते. सेटिंगमध्ये जाऊन भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी निवडा.

राहिल्या नुसत्या डोळ्यांच्या जोड्या. कॉलेजचे प्राचार्य आणि गृहकर्जाची मुद्दल, दोघेही प्रिन्सिपल आणि दोघांच्या शेवटी 'ए-एल'. दोन्हींत मूळ अर्थ 'मुख्य' असाच आहे. तत्त्व या अर्थाचं प्रिन्सिपल तेवढं 'एल-ई'नं संपतं. स्थिर या अर्थाच्या स्टेशनरीत शेवटाकडे 'ए', वही-पेनाच्या स्टेशनरीत 'ई', एन्व्हलपचा 'ई'. गंमत अशी की हे दोघे सख्खे भाऊ आहेत. मध्ययुगात पुस्तकं आणि लेखनसाहित्य विकणारे काही जण गावोगाव न फिरता एका जागी दुकान मांडून बसत. त्या स्थिर दुकानदाराला स्टेशनर म्हणत. 'इट्स'मधल्या वरच्या टिंबाचा प्रश्न तर एका ओळीत मिटतो : शब्द फोडून 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचता आलं तर टिंब द्या, नाहीतर देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संकलन केंद्राच्या पाटीवर डेअरीऐवजी डायरी असं स्पेलिंग रंगवलंय. सगळे हसतात. या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, अकोले

उत्तर : काडीचाही नाही. 'ए' आणि 'आय' यांची जागा बदलली की गाईची वही होते, एवढाच काय तो संबंध. डायरी हा शब्द दिवस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. डेअरीच्या मुळाशी तर दूधच नाही. जुन्या इंग्रजीत कणीक मळणाऱ्या मोलकरणीसाठी एक शब्द होता, तो पुढे दूधदुभतं बघणाऱ्या बाईला लागला आणि ती जिथं काम करायची ती जागा डेअरी झाली. पाटीवाल्याला हसण्यापेक्षा रंगाचा एक डबा आणून द्या. दोन अक्षरांचं काम आहे.

प्रश्न : 'आय पास्ड आउट इन २०१५' असं मी बायोडेटात लिहिलं, तर परदेशातला मित्र हसला. काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : भारतात काहीच चुकलं नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र या शब्दांचा रोजचा अर्थ बेशुद्ध पडणं. लष्करी छात्रांचं प्रशिक्षण संपतं तेव्हा ब्रिटनमध्येही 'पासिंग आउट'च म्हणतात. खडकवासल्याच्या एनडीएतली पासिंग आउट परेड तर तुमच्या शेजारचीच. पण तुम्ही छात्र नसाल, तर बाहेरदेशी पाठवायच्या बायोडेटात 'ग्रॅज्युएटेड' लिहा. इथल्या बायोडेटात जुनं राहू द्या, कुणी डॉक्टर बोलावणार नाही.

वाचकांना एक विनंती. प्रश्न पाठवताना सुटे शब्द पाठवू नका, अडलेलं पूर्ण वाक्य पाठवा आणि त्याखाली तुम्हाला मराठीत नेमकं काय म्हणायचं होतं तेही लिहा.