विमापत्र वाचताना



नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना वाटेत जवाहरनगर लागते. येथे दारूगोळा तयार करणारा सरकारी मालकीचा मोठा कारखाना आहे. त्याला आयुध निर्माणी म्हणतात. २४ जानेवारी २०२५ रोजी या कारखान्यात भीषण स्फोट झाला. त्यात आठ कामगार मरण पावले आणि काही जखमी झाले. सकाळी डबा घेऊन घरून निघालेली माणसे संध्याकाळी परत आली नाहीत. अपघात आणि आजार सांगून येत नाहीत, हेच खरे.

मोठ्या कारखान्यातील कायम कामगारांच्या औषधोपचाराची काही तरी व्यवस्था असते. पण अशा गावाच्या आसपास शिंपी, भाजीवाले, गॅरेजमध्ये काम करणारे आणि धान पिकवणारे शेतकरीही राहतात. त्यांच्या घरी मोठे आजारपण आले, तर रुग्णाला नागपूरला न्यावे लागते. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घरातील माणसे हवालदिल होतात. कोणी दागिने गहाण ठेवतो, कोणी शेत विकतो. आजार बरा होतो, पण कर्ज मागे उरते. हे टाळण्याचा एक मार्ग म्हणजे आरोग्य विमा.

विमा म्हणजे काय? अनेक लोक दरवर्षी थोडे थोडे पैसे एका ठिकाणी जमा करतात. त्यांपैकी जो आजारी पडेल, त्याच्या उपचाराचा खर्च या जमा रकमेतून केला जातो. आपण जे पैसे भरतो त्याला हप्ता म्हणतात. कंपनी आणि आपण यांच्यातील करार ज्या कागदावर लिहिलेला असतो, तो कागद म्हणजे विमापत्र. आपल्या देशात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ नावाचा विमा सुरू केला. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले. विमा कंपन्यांनी कसे वागावे याचे नियम हे प्राधिकरण करते.

विमापत्रावर बारीक अक्षरांत पुष्कळ अटी असतात. त्या न वाचताच अनेक जण सही करतात आणि मग ऐन वेळी पस्तावतात. चला, आपण त्यांतील मुख्य अटी समजून घेऊ.

पहिली अट खरी माहिती देण्याची. समजा, एका शिंप्याला मधुमेह आहे. ‘हे लिहिले तर हप्ता वाढेल’ असे वाटून तो अर्जात ‘कोणताही आजार नाही’ असे लिहितो. दोन वर्षांनी त्याच्या पायाला जखम होते. ती चिघळते आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागते. रुग्णालयाच्या कागदांवर जुन्या मधुमेहाची नोंद असते. कंपनी त्याचा दावा नाकारते. थोडे पैसे वाचवण्यासाठी लपवलेली गोष्ट लाखाच्या घरात जाते. म्हणून अर्ज दुसऱ्याने भरला, तरी सही करण्यापूर्वी तो आपण वाचावा.

दुसरी अट प्रतीक्षा काळाची. नवा विमा घेतल्यावर बहुधा पहिले तीस दिवस आजाराचा खर्च मिळत नाही. अपघाताला मात्र ही अट लागू नसते. हर्निया, मोतीबिंदू अशा काही आजारांसाठी जास्त थांबावे लागते. विमा घेण्यापूर्वीच असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त छत्तीस महिने थांबायला लावू शकते. २०२४ पूर्वी ही मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत असे. विमा सलग साठ महिने चालू राहिला, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘तुम्ही माहिती लपवली’ असे म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. म्हणून विमा मध्येच बंद पडू देऊ नये. हप्त्याची तारीख चुकली, तर काही दिवसांची वाढीव मुदत मिळते. वर्षाचा हप्ता असेल तर ती तीस दिवसांची असते. ती मुदतही गेली, तर आधी काढलेली वर्षे वाया जाऊ शकतात.

तिसरी अट खोलीच्या भाड्याची. ही अट फार थोड्यांना कळते. समजा, विम्याची रक्कम ३,००,००० रुपये आहे आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये आहे. रुग्णाने रोज ६,००० रुपयांची खोली घेतली आणि तो पाच दिवस राहिला. बिल असे झाले :

खोलीचे भाडे – ३०,००० रुपये
डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृह – ६०,००० रुपये
औषधे – २०,००० रुपये
एकूण – १,१०,००० रुपये

आता कंपनी किती देईल? खोलीचे भाडे मर्यादेच्या दुप्पट आहे, म्हणून भाड्याचे निम्मे, म्हणजे १५,००० रुपये मिळतील. ज्या रुग्णालयात खोलीनुसार इतर दरही वाढतात, तेथे डॉक्टरांची फी वगैरे खर्चही निम्माच, म्हणजे ३०,००० रुपये मिळेल. औषधांना ही कपात लागत नाही, त्यामुळे त्यांचे पूर्ण २०,००० रुपये मिळतील. कंपनी एकूण ६५,००० रुपये देईल आणि रुग्णाच्या घरच्यांना ४५,००० रुपये भरावे लागतील. फक्त भाड्यातला फरक १५,००० रुपयांचा होता, पण नुकसान त्याच्या तिप्पट झाले! म्हणून खोली घेण्यापूर्वी आपली मर्यादा विचारून घ्यावी.

चौथी अट वाटा उचलण्याची. काही विमापत्रांत ‘मंजूर खर्चाचे दहा टक्के विमेदार देईल’ असे लिहिलेले असते. मंजूर खर्च ५०,००० रुपये असेल, तर ५,००० रुपये आपल्या खिशातून जातात. अशा विम्याचा हप्ता थोडा कमी असतो. कमी हप्ता पाहून खूश होण्यापूर्वी ही ओळ शोधावी.

पाचवी गोष्ट, रुग्णालयात किती वेळ राहावे लागते याची. साधारणपणे किमान चोवीस तास दाखल व्हावे लागते. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस यांसारख्या उपचारांना ही अट नसते, कारण ते एका दिवसात होतात.

अटी विमेदारावर असतात, तसे विमेदाराचे हक्कही असतात. विमापत्र हाती आल्यापासून तीस दिवसांच्या आत ते पसंत नसेल, तर परत करता येते. थोडा खर्च वजा करून हप्त्याचे पैसे परत मिळतात. कंपनीशी जोडलेल्या रुग्णालयात आधी पैसे न भरता कॅशलेस उपचार घेता येतात. अशी मागणी आल्यावर कंपनीने एका तासात निर्णय द्यावा, असा २०२४ चा नियम आहे. घरी सोडताना शेवटच्या बिलाची मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. दावा नाकारला, तर कंपनीने कोणत्या अटीमुळे नाकारला याचा खुलासा लेखी द्यावा लागतो. तो पटला नाही, तर प्रथम कंपनीकडे तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

ज्यांना हप्ता परवडत नाही, त्यांनी निराश होऊ नये. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून तिचा लाभ सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना खुला झाला आणि एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळण्याची सोय झाली. योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्याला भेटावे.

मित्रांनो, विमापत्र बहुधा इंग्रजीत असते. पण त्यासोबत मुख्य अटींचे एक छोटे माहितीपत्रक द्यावे लागते. विमेदाराने मागितले, तर ते स्थानिक भाषेत देणे कंपनीला बंधनकारक आहे. तुम्ही मराठी शिकत आहात. घरी विमापत्र असेल, तर ते माहितीपत्रक मराठीत मागवा आणि अम्मी-अब्बांना वाचून दाखवा. तुमचे शिक्षण घराच्या उपयोगी पडण्याची यापेक्षा चांगली संधी कोणती?

शब्दांची ओळख

या पाठातील मुदत, रक्कम, दावा, अर्ज, तारीख, हक्क हे शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहेत. पण काही शब्द फसवे आहेत. ते नीट लक्षात ठेवा.

हप्ता – उर्दूत ‘हफ़्ता’ म्हणजे आठवडा. येथे अर्थ ‘क़िस्त’.
तक्रार – उर्दूत ‘तकरार’ म्हणजे भांडण. मराठीत ‘शिकायत’.
खुलासा – उर्दूत सारांश. मराठीत स्पष्टीकरण.
अट – शर्त.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मेडिक्लेम’ कोणत्या साली सुरू झाले?
(आ) पहिल्या तीस दिवसांची अट कशाला लागू नसते?
(इ) आरोग्यमित्राला भेटताना कोणते कागद न्यावेत?

२. कारणे लिहा.
(अ) शिंप्याचा दावा कंपनीने नाकारला.
(आ) विमा मध्येच बंद पडू देऊ नये.

३. हिशेब करा. पाठातील रुग्णाने रोज ४,००० रुपयांची खोली घेतली असती आणि इतर खर्च तेवढाच असता, तर घरच्यांना किती रुपये भरावे लागले असते?

४. ‘हप्ता’, ‘तक्रार’, ‘खुलासा’ हे शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा.

५. दावा नाकारला गेला आहे, असे समजून विमा कंपनीला तक्रारीचे पत्र लिहा.