घडविणारे आणि चालविणारे

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एस. टी. महामंडळाच्या दोन बसगाड्या नदीत कोसळल्या आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. अंधारात मागून येणाऱ्या वाहनांना सावध केले ते जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराने. पूल बांधणारी पिढी केव्हाच काळाआड गेली होती. पुलाची देखभाल एका खात्याकडे, वाहतूक दुसऱ्याकडे, बसगाड्या तिसऱ्याकडे. प्रत्येकाचे दप्तर वेगळे. पूल मात्र एकच होता.

घडविणारे आणि चालविणारे यांच्यातील ही फारकत संगणकाच्या क्षेत्रातही होती. प्रणाली तयार करणाऱ्यांना नवे बदल लवकर हवे असत. ती अहोरात्र चालू ठेवणाऱ्यांना बदल म्हणजे बिघाडाचे निमंत्रण वाटे. २००९ च्या जून महिन्यात जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड या दोघांनी अमेरिकेतील एका परिषदेत, फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर दिवसाला दहा वा अधिक बदल सुरक्षितपणे कसे केले जातात, याचे विवेचन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधील गेंट येथे पॅट्रिक डेबॉ यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि या कार्यपद्धतीस ‘डेव्हऑप्स’ हे नाव रूढ झाले.

कार्यपद्धतीची सूत्रे

या पद्धतीची मुख्य सूत्रे चार आहेत. काम तयार करणारा ते चालविण्याच्या जबाबदारीतही सहभागी असावा. बदल लहान व वारंवार करावेत, म्हणजे चूक लवकर सापडते. कामाची स्थिती दर्शविणारी माहिती सर्वांना एकाच वेळी दिसावी. आणि बिघाड झाल्यास ‘कोणी केला’ यापेक्षा ‘कसा झाला’ याचा शोध आधी घ्यावा.

महाड-पोलादपूर परिसरात या सूत्रांचा अर्थ सहज उमगतो. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तेथे, सातारा जिल्ह्यात, कोसळलेला पाऊस पोलादपूरमार्गे रायगड जिल्ह्यातील महाडला येतो आणि बाणकोटच्या खाडीला भरती असल्यास पाणी ओसरण्यास विलंब लागतो. पावसाची नोंद एका जिल्ह्यात, पूर दुसऱ्यात. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. २२ जुलै रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पर्जन्यमापकावरील आकडा वाडीतल्या माणसापर्यंत वेळेवर आणि त्याला समजेल अशा शब्दांत पोहोचला, तरच तो उपयोगाचा.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. संगणकप्रणालीतील चुकलेला बदल काही क्षणांत मागे घेता येतो. पूल वा दरड मागे घेता येत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष संकटापूर्वीच्या रंगीत तालमीस महत्त्व येते. एका वाडीत, एका संध्याकाळी, भोंगा वाजवून लोकांना सुरक्षित जागी नेण्याचा प्रयोग हा ‘लहान बदल’च होय.

दोषारोप टाळणे याचा अर्थ जबाबदारी टाळणे असा नव्हे. हयगयीची चौकशी कायद्याप्रमाणे व्हावयाचीच. परंतु खरे बोलणाऱ्यासच शिक्षा होणार असेल, तर पुढच्या वेळी कोणी खरे सांगणार नाही आणि तोच प्रसंग पुन्हा ओढवेल.

परिषदेत मांडणी कशी करावी

महाडला परिषदेचे मोल वेगळे सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही ठराव कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला प्रतिनिधी तळ्यावर चालत गेले. त्या लढ्याची थोरवी निराळी. कार्यालयीन कामाशी तिची तुलना होऊ शकत नाही. तथापि ठराव व अंमल यांतील अंतर चालत जाऊनच तुटते, हा बोध तेथे मिळतो.

ग्रामसेवक, शिक्षक वा अभियंता यांस तालुक्याच्या परिषदेत कार्यसंस्कृतीवर बोलावयाचे झाल्यास परकी संज्ञा मागे ठेवावी. आपल्याच कामातील एक प्रसंग घ्यावा व तो घड्याळाच्या क्रमाने सांगावा: निरोप केव्हा निघाला, कोठे अडला, कोणास कळलाच नाही. प्रथम स्वतःची चूक सांगावी. इतरांची नावे घेऊ नयेत. त्यानंतर आपण केलेला एकच बदल, तो फसला असल्यास तोही, मांडावा. शेवटी श्रोत्यांतील तलाठी, पोलीस पाटील, वायरमन, एस. टी. चे चालक यांना त्यांच्या बाजूने काय दिसले ते विचारावे व उत्तरे तेथेच लिहून घ्यावीत.

सभागृहातून बाहेर पडताना प्रत्येकाजवळ शेजारच्या खात्यातील एका माणसाचे नाव व दूरध्वनी क्रमांक असला, तर परिषद सार्थकी लागली असे समजावे. पावसाळ्यातील रात्री गरज पडते ती त्याच क्रमांकाची.