दुचाकीची रिम : भार घालण्यापूर्वीची तपासणी

बैलगाडी जुंपण्यापूर्वी आरे, तुंबा व धाव यांवरून नजर फिरविण्याची शेतकऱ्याची जुनी रीत होती. आज दूध, भाजीपाला व पशुखाद्य यांची पुष्कळशी वाहतूक मोटारसायकलीवरून होते; परंतु चाक तपासण्याची ती सवय मागे पडली आहे. चाळीस लिटरच्या दोन भरलेल्या कॅनांचे वजन ८० किलोहून अधिक होते व ते मुख्यतः मागील चाकावर पडते. अशी गाडी खड्ड्यात आदळल्यास रिम चेपते व तारा सैल होतात. हा दोष भरधाव गाडीवर प्रकट होण्यापूर्वी घरीच ओळखावा.

तपासणीची रीत पुढीलप्रमाणे आहे :

(१) इंजिन बंद करून चावी काढावी. गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागी डबल स्टँडवर उभी करावी. पुढील चाक तपासताना ते उचलले जाईल असा भक्कम आधार द्यावा. चिखल धुऊन काढावा. बोटे साखळीपासून दूर ठेवावीत.

(२) चाक समोरासमोरच्या दोन कडांना धरून आडवे हलवावे. खटखट जाणवल्यास दोष बहुधा बेअरिंगचा असतो. तो दूर केल्याखेरीज रिमची परीक्षा खरी ठरत नाही.

(३) गाडीच्या स्थिर भागास एक काडी अशी बांधावी की, तिचे टोक रिमच्या कडेस जेमतेम लागणार नाही. चाक सावकाश फिरवावे. अंतर कमीजास्त झाल्यास रिम बाजूस वाकली आहे. काडी रिमच्या वरच्या अंगास धरून गोलाईही पाहावी. नजर टायरवर नव्हे, रिमवर ठेवावी. कारण टायर नीट न बसल्यासही चाक डुलताना दिसते. अनेक गाड्यांस दोन्ही बाबतींत २ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. आपल्या गाडीची मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहावी.

(४) प्रत्येक तारेवर लहान पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द वाजते. एकच तार जोराने आवळू नये. त्यामुळे रिम त्या बाजूस ओढली जाते. तुटलेली तार तत्काळ बदलावी, कारण तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो.

(५) मिश्रधातूच्या चाकास तारा नसतात. त्याचे दांडे जेथे रिमला व मध्यभागास मिळतात, तेथे तडा आहे काय ते पाहावे. तडा गेलेले चाक ठोकून वा वेल्डिंग करून वापरू नये, ते बदलावे. ट्यूबलेस टायरची हवा वारंवार उतरत असल्यास रिमच्या कडेस साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथून हवा निसटते.

ही तपासणी महिन्यातून एकदा, तसेच गाडी जोराने आदळल्यानंतर लगेच करावी. दोष आढळल्यास कुशल कारागिराकडून दुरुस्ती होईपर्यंत गाडीवर भार घालू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दूध संकलनाच्या वेळी एखाद्या गाडीवर याचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्यास एक काडी व एक पाना पुरतो.