फिजिक्स घेऊन पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज वसाहतीत घरोघरी सीईटीच्या पर्सेंटाइलचा हिशोब सुरू होतो. ते स्वाभाविकच आहे. औष्णिक केंद्राच्या 210 मेगावॉटच्या संचांवर इथली कितीतरी घरं उभी राहिली, आणि इंजिनिअरिंग म्हणजे नोकरी हे समीकरण या घरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा घरातली मुलगी म्हणते, "मला फिजिक्समध्ये संशोधन करायचंय, एआय आणि क्वांटममध्ये." वडील विचारतात, "म्हणजे शेवटी मास्तरकीच ना?"

या प्रश्नामागे काळजी आहे, त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळालं, ते कृत्रिम न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी. म्हणजे आजच्या एआयचं एक मूळ भौतिकशास्त्रात आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 6,003 कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. ते 2030-31 पर्यंत चालेल. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. आणि 2024 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने (टीआयएफआर) डीआरडीओ व टीसीएस यांच्या साथीने सहा क्युबिटच्या, म्हणजे क्वांटम संगणकाच्या सहा मूळ घटकांच्या, प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. नाशिकरोडहून सकाळी गाडीत बसलं तर दुपारपर्यंत पोहोचता येईल, इतक्या अंतरावर हे सगळं चाललं आहे.

तिथे संशोधक विद्यार्थी नेमकं काय करतो? टीआयएफआरसारख्या प्रयोगशाळेत अतिवाहक क्युबिटची चिप एका खास शीतकात, निरपेक्ष शून्याच्या काही शतांश अंश वर ठेवतात. क्युबिट 'शून्य' स्थितीत आहे की 'एक' स्थितीत, हे जाणून घ्यायला मायक्रोवेव्हचा अगदी क्षीण स्पंद आत सोडतात. परत येणारा संदेश गोंगाटाने भरलेला असतो. तेच मोजमाप हजारो वेळा केलं की आलेखावर ठिपक्यांचे दोन पुंजके दिसू लागतात, आणि काही ठिपके मध्येच कुठेतरी पडतात. ते कोणत्या बाजूचे, हे ठरवायला न्यूरल नेटवर्क वापरता येतं. एआय आणि क्वांटमची गाठ पडण्याची ही एक जागा. औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बॉयलरचं तापमान अचानक वेगळं दिसलं, तर आकडा खरा की तापमान मोजणारं थर्मोकपल बिघडलं, असा प्रश्न अनुभवी माणसाला आधी पडतो. हा विद्यार्थीही दिवसभर तोच प्रश्न सोडवत असतो.

म्हणून पदवीच्या नावावर भुलू नका. जाहिरातीत 'एआय' आणि 'क्वांटम' दोन्ही शब्द असले, तरी अभ्यासक्रमात रेषीय बीजगणित, संख्याशास्त्र, क्वांटम मेकॅनिक्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि पायथॉन किती खोलवर आहेत, ते पाहा. प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघा. नाशिकच्या बिटको किंवा आरवायके कॉलेजमधली फिजिक्सची बीएस्सी मन लावून केली आणि मग जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सी, हा रस्ता मला नव्या नावाच्या महागड्या कोर्सपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो. थेट बारावीनंतर जायचं असेल तर आयसरसाठी आयएटी आणि मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट या परीक्षा आहेत. आयएटीत जीवशास्त्राचेही प्रश्न असतात, हे पीसीएमच्या मुलांना बऱ्याचदा उशिरा कळतं. आधीच इंजिनिअरिंगला असलेल्यांनीही निराश होऊ नये. क्वांटमच्या प्रयोगशाळेला मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी माणसं हवीच असतात.

आता पैशाचं. नेट उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि नंतर 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडीचा भार घरावर पडत नाही. पण त्यात पाच-सहा वर्षं जातात, हातात पदवी येईपर्यंत वय 28-29 होतं, आणि प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या असतात. मुलगी असेल तर मधेच लग्नाचा विषय निघतो. हे सगळं आजच घरात मोकळेपणाने बोला. संशोधनात राहायचं नाही असं पुढे ठरलं, तरी मोजमाप, कोडिंग आणि विदा हाताळण्याचा तो अनुभव सेमीकंडक्टर आणि सॉफ्टवेअर क्षेत्रात उपयोगी पडतो. मात्र ज्याला गणित सोडवताना वेळेचं भान राहत नाही, त्यानेच या वाटेला जावं. केवळ 'स्कोप' आहे म्हणून कुणालाही तिकडे ढकलू नका.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण लोकांना पाहायला मिळते. तिथे क्वांटम संगणक नाही, पण संशोधन करणारी तरुण मुलं भेटतात. आपल्या मुलांना घेऊन जा, आणि त्या संशोधकांना किती पैसे मिळतात, दिवस कसा जातो, पुढे काय करणार, हे संकोच न करता त्यांनाच विचारा.