हिमभूमीतून हिमभूमीकडे

स्वित्झर्लंडच्या झुरिक प्रांतात ट्योस नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्यात, रानाने भरलेल्या टेकड्यांच्या मधोमध, रिकोन हे गाव वसले आहे. गावात स्वयंपाकाची भांडी तयार करणारा एक जुना कारखाना आहे. कारखान्याच्या बाजूने चढण चढून रानाच्या कडेला गेले, की तेथे मात्र या मुलखात न शोभणारे असे एक दृश्य दिसते. सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीत एक बौद्ध विहार उभा आहे. त्याच्याभोवती निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या व पिवळ्या पताका वाऱ्यावर फडफडत असतात, आणि तांबडी वस्त्रे नेसलेले भिक्षू तेथे वावरताना दिसतात. ल्हासा नगरी या ठिकाणापासून हजारो मैल दूर आहे. त्या पताका येथवर कशा येऊन पोहोचल्या, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

तिबेटचे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी ४,००० मीटरहून अधिक उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १,६४६ मीटर. ल्हासा नगरी त्याच्या दुपटीहूनही उंचावर, सुमारे ३,६५० मीटरवर आहे. उत्तरेकडील चांगथांग प्रदेशातील कुरणे तर त्याहूनही वर आहेत. याकच्या काळ्या केसांच्या जाडजूड कापडाचे तंबू ठोकून तेथील धनगर आपली जनावरे चारीत ऋतुमानाप्रमाणे एका कुरणावरून दुसऱ्या कुरणावर जात. दूध, लोणी, लोकर, कातडे, ओझे वाहण्यास पाठ आणि चुलीला शेण, हे सारे त्यांना या जनावरांकडूनच मिळे. झाडेच नसलेल्या त्या मुलखात शेणाच्या गोवऱ्या नसत्या, तर चूल पेटलीच नसती.

त्यांचे अन्नही त्या उंचीने ठरवून दिलेले होते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी उष्णतेवर उकळू लागते. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांवर उकळते. ल्हासात ते ८८ अंशांच्या सुमारासच उकळते. असे पाणी कितीही वेळ खळखळत ठेवले, तरी त्याची उष्णता त्यापुढे वाढत नाही आणि त्यात डाळ धड शिजत नाही. म्हणून तिबेटी माणसाने शिजवण्याऐवजी भाजण्याची युक्ती काढली. जव भाजून त्याचे पीठ करावे, ते लोणी घातलेल्या खारट चहात मळावे आणि त्याचा गोळा खावा. या पिठाला ते त्साम्पा म्हणतात. आपल्याकडील सातूच्या पिठाचे ते सख्खे भावंडच होय. प्रवासाला निघालेल्या माणसाने पिशवीत ते घ्यावे आणि वाटेत कोठेही खावे, ही रीतही दोन्हींकडे सारखीच आहे.

विरळ हवेत राहण्याची किमया तिबेटी माणसाच्या रक्तातच आहे. मैदानातला माणूस त्या उंचीवर फार दिवस राहिला, तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि हृदयावर ताण पडतो. तिबेटी लोकांत असे सहसा होत नाही. याचे कारण वंशपरंपरेने चालत आलेल्या एका विशिष्ट जनुकात आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले. हजारो वर्षांच्या वास्तव्याने त्या पठाराने आपल्या माणसांना आपल्याजोगे घडवले होते.

हे जीवन १९५० साली हादरले. त्या वर्षी चिनी सैन्य तिबेटात शिरले. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. आठवड्याभरातच तरुण दलाई लामा रात्रीच्या वेळी नगरी सोडून निघाले आणि त्या महिन्याच्या अखेरीस भारताच्या सीमेत येऊन पोहोचले. त्यांच्यामागून हजारो कुटुंबे हिमालयाच्या खिंडी ओलांडू लागली. अशा रीतीने सुमारे ८०,००० माणसे निर्वासित झाली.

भारताने त्यांना आसरा दिला; परंतु निसर्गाने त्यांना सवलत दिली नाही. आसामातील मिसामारी व बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत ही माणसे आली, ती जाड लोकरी वस्त्रे अंगावर घेऊनच. दमट उष्मा, अनोळखी अन्न आणि पूर्वी कधी न पाहिलेले रोग यांनी त्यांची दैना केली. थंड, कोरड्या हवेत वाढलेल्या त्या छात्यांत क्षयाने घर केले. पुढे पुष्कळांना हिमालयाच्या उतारांवर रस्ते बांधण्याचे काम मिळाले. तेथे हवा तरी ओळखीची होती. पण सुरुंग, दरडी आणि तुटपुंजी मजुरी यांत लहान मुलांची फार आबाळ झाली. धरमशाला येथे अशा मुलांसाठी १९६० साली एक शिशुगृह उघडावे लागले, ते यामुळेच.

याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये या लोकांविषयी कळकळ उत्पन्न झाली. टोनी हागेन हे स्विस भूगर्भशास्त्रज्ञ नेपाळचे डोंगर पायी फिरलेले होते. नेपाळात उतरलेल्या तिबेटी निर्वासितांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि त्यांच्यासाठी गालिचे विणण्याचा उद्योग सुरू करण्यास साहाय्य केले. ट्रोगेन गावी महायुद्धातील अनाथ मुलांसाठी वसवलेले पेस्टालोझी बालग्राम होते. तेथे १९६० साली काही तिबेटी मुले आली. पुढच्या वर्षी मोठ्या माणसांचा एक लहान गट आपेन्झेल प्रांतातील वाल्डश्टाट गावात येऊन राहिला. मार्च १९६३ मध्ये स्विस सरकारने एक हजार तिबेटी निर्वासितांना देशात राहू देण्याचे ठरवले. आशियातील इतक्या निर्वासितांना युरोपातील एखाद्या देशाने आपणहून बोलावून घ्यावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांची व्यवस्था पाहण्याचे काम रेड क्रॉसने अंगावर घेतले.

या निर्णयामागे एक भाबडी समजूतही होती. तिबेटी डोंगरातले, आणि स्विसही डोंगरातले; तेव्हा डोंगरातल्या माणसांना डोंगर मानवतील, असे पुष्कळांना वाटले. वरवर पाहता हे पटण्यासारखे होते. दोन्हीकडे बर्फ, दोन्हीकडे कुरणे, दोन्हीकडे उन्हाळ्यात गुरे वर नेऊन थंडीत खाली आणण्याची रीत. परंतु दोन्ही मुलखांचे माप वेगळे. स्वित्झर्लंडचे सर्वोच्च शिखर ४,६३४ मीटर उंच आहे. तेथे बर्फाखेरीज काही नाही. चांगथांगचा धनगर मात्र त्याच उंचीवर तंबू ठोकून संसार करीत असे! रिकोन गाव तर अवघ्या पाचशे मीटरवर आहे. शिवाय तिबेटची थंडी कोरडी आणि तेथील आकाश निरभ्र. स्वित्झर्लंडमध्ये पाऊस, धुके आणि ओला बर्फ. वृक्षांची इतकी दाटी तर त्यांच्यापैकी पठारावरच्या माणसांनी पूर्वी पाहिलीच नव्हती. ज्यांच्या नजरेला चहूकडे दूरवर क्षितिज पाहण्याची सवय, त्यांना दरीत राहणे म्हणजे घराच्या भिंतींबाहेर आणखी एक भिंत असल्यासारखेच.

आणि खरा फरक तर पुढेच होता. राहायला डोंगर मिळाले, पण डोंगरातले काम मिळाले नाही. स्विस शेतकऱ्याची कुरणे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या कुटुंबाची किंवा गावाची असत; तेथे नव्या धनगराला जागा कोठली? दुसरीकडे कारखाने मात्र जोरात चालले होते आणि त्यांना माणसे कमी पडत होती. त्यामुळे कालपर्यंत याकांचे कळप राखणारा, जव पेरणारा, किंवा विहारात ग्रंथ वाचणारा माणूस गिरणीत, यंत्रशाळेत किंवा बांधकामावर रुजू झाला. सूर्याकडे पाहून दिवस मोजणाऱ्यांनी मिनिटांच्या काट्याशी जुळवून घेतले. घड्याळांसाठी जगात नावाजलेल्या देशात तर ते अटळच होते.

रिकोनच्या कारखान्याचे मालक हेन्री आणि जॅक कून हे दोघे भाऊ. १९६४ साली त्यांनी काही तिबेटी कुटुंबांना काम दिले व राहण्यास घरेही दिली. यात एक विलक्षण योगायोग आहे. जॅक कून हे स्वतः अभियंते होते आणि १९४९ साली बाजारात आलेला त्या कारखान्याचा प्रेशर कुकर ही त्यांचीच निर्मिती. कुकरात वाफ कोंडली जाते, दाब वाढतो, आणि पाणी १०० अंशांहून अधिक उष्णतेवर उकळते. उंचावरचे पाणी अन्न शिजवू शकत नाही म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी जव भाजून त्याचे पीठ खाण्याची रीत पाडली, त्यांचे हात आता नेमकी तीच अडचण दूर करणाऱ्या भांड्याच्या कारखान्यात राबू लागले. हिमालयाच्या कुशीतील अनेक घरांत आज डाळ शिजते ती कुकरमुळेच.

कामाचा प्रश्न अशा रीतीने सुटला. तरी वडीलधाऱ्या मंडळींच्या मनाला स्वस्थता नव्हती. मूल जन्मले तर त्याचे नाव कोणी ठेवायचे? माणूस मेला तर त्याच्यापाशी बसून कोणते पाठ म्हणायचे, आणि ते म्हणणार कोण? पोटाची सोय झाल्यावरच हे प्रश्न उभे राहतात, पण म्हणून ते कमी महत्त्वाचे ठरत नाहीत. मालकांना हे कळले, हे त्यांचे मोठेपण होय. दलाई लामांच्या सल्ल्याने १९६७ साली रिकोन येथे तिबेट संस्था स्थापन झाली, काही विद्वान भिक्षू तेथे येऊन राहिले, आणि १९६८ साली विहाराचे उद्घाटन झाले. विहाराबरोबर ग्रंथालयही उभे राहिले. मालक ख्रिस्ती, कामगार बौद्ध, आणि कारखान्याच्या माथ्यावर विहार. अशी उदाहरणे उद्योगांच्या इतिहासात थोडीच सापडतील. १९७३ साली दलाई लामा प्रथमच युरोपात गेले, तेव्हा त्यांनी या विहाराला भेट दिली. २०१८ साली त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, त्या समारंभालाही ते उपस्थित होते.

मात्र या हकीकतीचे एक पान दुःखद आहे. ते वगळले तर हकीकत अपुरी राहील. १९६१ ते १९६४ या काळात दीडशेहून अधिक तिबेटी मुले स्विस कुटुंबांत वाढवण्यासाठी एकेकटी पाठवण्यात आली. ती चांगले शिक्षण घेऊन पुढे आपल्या समाजाच्या कामी यावीत, असा हेतू होता. ही मुले अनाथ आहेत, असे पुष्कळांना वाटे. वस्तुतः त्यांपैकी अनेकांचे आईवडील, किंवा दोघांपैकी एक, भारतात हयात होते. मुलांना घर मिळाले, शाळा मिळाली, कित्येकांना मायाही मिळाली. परंतु पाच-सहा वर्षांचे मूल नवी भाषा जितक्या लवकर उचलते, तितक्याच लवकर जुनी विसरते. कित्येक वर्षांनी आई भेटली, तेव्हा तिच्याशी बोलायला मधे दुभाषी घ्यावा लागला, असे त्यांपैकी काहींच्या वाट्याला आले. शुभ हेतूने केलेल्या गोष्टीतही मुलाच्या आणि आईच्या मनाचा विचार राहून जाऊ शकतो. याउलट जी मुले रिकोनसारख्या ठिकाणी आपल्याच लोकांत वाढली, त्यांना निदान घरात आजीच्या तोंडची भाषा ऐकायला मिळाली.

सर्वच निर्वासितांना डोंगर मिळाले नाहीत. बहुसंख्य तिबेटी भारतातच राहिले, आणि त्यांना शेतीसाठी जमिनी मिळाल्या त्या बहुधा उष्ण प्रदेशात. कर्नाटकातील बैलकुप्पे ही त्यांची पहिली मोठी वसाहत. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडजवळ, १९७२ साली नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. पूर्व विदर्भातील उन्हाळा कसा असतो, हे तेथील विद्यार्थ्यांना सांगावयास नको. त्या उन्हात बर्फाच्या मुलखातील माणसे भाताची शेती करू लागली. हिवाळा आला की भारतातील अनेक वसाहतींमधून तिबेटी कुटुंबे स्वेटर विकण्यासाठी शहरोशहरी जातात. पुण्या-नागपूरच्या रस्त्यांवर त्यांची दुकाने कित्येकांनी पाहिली असतील. स्वित्झर्लंडमधील तिबेट्याला घड्याळाशी जुळवून घ्यावे लागले, तर येथील तिबेट्याला उन्हाशी.

आज स्वित्झर्लंडमध्ये तिबेटी वंशाचे सुमारे ८,००० लोक राहतात. पहिल्या पिढीतील कामगार कधीच निवृत्त झाले. त्यांच्या मुला-नातवंडांपैकी अनेकांनी स्विस नागरिकत्व घेतले आहे. लोणी घातलेला चहा आता गाईच्या लोण्याचा होतो. तरी याक अगदीच दुरावले आहेत असेही नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही स्विस शेतकऱ्यांनीच हौसेने याक आणले, आणि आज आल्प्सच्या काही कुरणांवर ते चरताना दिसतात. ज्या कुरणांवर तिबेटी धनगराला जागा मिळाली नाही, तेथे त्याच्या जनावराला मात्र मिळाली.

नव्या पिढीपुढे आता हवामानाचा प्रश्न नाही, भाषेचा आहे. ही मुले शाळेत जर्मन शिकतात आणि सवंगड्यांशी तेथील बोलीत बोलतात. तिबेटी भाषेसाठी शाळेव्यतिरिक्त वेगळा वेळ काढावा लागतो. तशा वर्गांची सोय तेथील तिबेटी समाजाने केली आहे. शाळेची इतर मुले खेळायला जातात, त्या वेळी ही मुले आजोबांची लिपी गिरवतात. ती लिपी सातव्या शतकात भारतीय लिपीवरून तयार झाली. तिच्यात तीस व्यंजने आहेत. गुरुजी पहिली ओळ म्हणतात आणि मुले त्यांच्यामागून म्हणतात. क, ख, ग, ङ. त्यात ‘घ’ नाही. एरवी ती ओळ मराठी मुलांच्या पाटीवरचीच.